प्लास्टरबाहेरची बोटे

पंचगंगा घाट पाण्याकडे फार झपाट्याने उतरतो. वर बिंदुमाधवाचे देऊळ आणि आलमगीर मशीद, खाली गंगा, आणि मधल्या चढणीवर उंच दगडी पायऱ्या. पावसाळ्यात नदी या पायऱ्या गिळते आणि ओसरताना त्यांच्यावर गाळाचा जाड थर सोडून जाते. तो गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत कार्तिक उजाडतो, आणि कार्तिकस्नानासाठी काशीत मोठा मान याच घाटाचा. पायऱ्या निसरड्या असतात त्याच दिवसांत पहाटेची गर्दीही सर्वांत जास्त असते. अंधार, ओले लुगडे, एका हातात तांब्या. पाय सरकला की मोकळा हात आपोआप पुढे जातो, तळवा दगडावर आपटतो आणि अंगाचा सगळा भार मनगट झेलते. कोपरापासून मनगटाकडे येणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड, रेडियस, मनगटाच्या जरा वर मोडते.

ही पुस्तिका त्या मोडलेल्या हाडाबद्दल थोडे आणि त्याच्या पुढच्या हाताबद्दल पुष्कळ बोलते. ती मराठीत आहे याला कारण आहे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतला जुना मराठी मुलूख. औरंगजेबाच्या काळात पाडलेले बिंदुमाधवाचे देऊळ पुन्हा उभे केले ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी. कार्तिकात शेकडो दिव्यांनी उजळणारा इथला दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. एकनाथांनी भागवताची टीका शके १४९५ म्हणजे १५७३ साली, कार्तिक पौर्णिमेला, वाराणसीतच पूर्ण केली. तेव्हापासून आजपर्यंत या गल्ल्यांत मराठी बोलणाऱ्या आज्या पहाटे नदीवर उतरत आल्या आहेत, आणि त्यांच्या ओढीने पैठणहून, पुण्याहून, नागपूरहून येणाऱ्या यात्रेकरूही. साठी उलटलेली बाई, ठिसूळ झालेले हाड आणि ओला दगड, एवढे तिन्ही जुळले की मनगट मोडायला फार मोठी पडझड लागत नाही.

मोडलेल्या मनगटाची वैद्यकातली प्रसिद्ध नोंद डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याची, १८१४ सालची. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. म्हणजे कॉलिसने हे सगळे डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून ओळखले होते. कॉलिसच्या आधी असा हात मनगट निखळले म्हणून ओढला-ताणला जाई. आजही डॉक्टर या मोडीला ‘कॉलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. प्लास्टरच्या पट्ट्या आल्या कॉलिसच्या नोंदीनंतर, १८५०च्या सुमारास, माथाइसेन नावाच्या एका डच लष्करी वैद्यामुळे. आपल्याकडे त्यांचे ‘कच्चे प्लास्टर’ आणि ‘पक्के प्लास्टर’ असे दोन सोयीचे भाग झाले आहेत: सूज असेपर्यंत अर्धी खोबण, सूज उतरल्यावर पूर्ण गोल वेढा. साधारण पाच-सहा आठवड्यांत हाड जुळते. फोटो काढला जातो, डॉक्टर ‘जुळलं’ म्हणतात, कात्रीने प्लास्टर उघडते, आणि आतून निघतो एक फुगलेला, चकाकणारा, लाकडासारखा ताठ हात. त्याला मूठ वळत नाही. पळी धरता येत नाही. हाड जुळल्याचा आनंद त्या क्षणी कुणालाच होत नाही.

या पुस्तिकेला जे सांगायचे आहे ते इथेच सांगून टाकतो. ही ताठरता प्लास्टर निघाल्यावर येत नाही. ती पहिल्या आठवड्यात येते आणि प्लास्टर निघाल्यावर दिसते. प्लास्टर मनगटाला घातलेले असते. बोटे, अंगठा, कोपर आणि खांदा यांना कुणीच बांधलेले नसते, तरी ते सहा आठवडे बांधल्यासारखे राहतात. कधी दुखते म्हणून, कधी हाड हलेल या भीतीने, आणि बहुतेक वेळा कुणी ‘हलवा’ असे स्पष्ट सांगितलेले नसते म्हणून.

सुजेपासून सुरुवात करू, कारण मूळ तिथे आहे. हाड मोडले की आसपासच्या ऊतींमध्ये रक्त आणि पाझरलेला द्रव साठतो. या द्रवात पाण्याबरोबर प्रथिनेही असतात, आणि तो दिवसेंदिवस एका जागी राहिला की कपड्याला घातलेल्या खळीसारखा कडक होऊ लागतो. कंडरा, म्हणजे बोटे ओढणाऱ्या दोऱ्या, ज्या आवरणातून सरकतात तिथे ही खळ धरते, सांध्यांच्या पिशव्यांत धरते, कातडीखाली धरते. म्हणून सूज ही नुसती सहन करण्याची गोष्ट नाही. ती रोज उतरवायची असते.

आता हाताची रचना पाहा. तळहाताची कातडी घट्ट असते, हाताच्या पाठीची सैल. त्यामुळे सूज नेहमी पाठीवर जमते. पाठ फुगली की बोटांच्या मुळाचे सांधे सरळ होतात आणि पुढची पेरे आपोआप वाकतात. सुजलेला हात न सांगता त्या आकारात जातो. आणि नेमका हाच आकार घातक. बोटांच्या मुळाच्या सांध्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध असतात. सांधा वाकलेला असताना ते ताणलेले असतात, सरळ असताना सैल. सैल बंध काही आठवडे तसेच राहिले की आखूड होतात, आणि मग सांधा वाकायला जागाच उरत नाही. मूठ न वळण्याचे सर्वांत हट्टी कारण हे आहे. म्हणूनच प्लास्टर तळहाताच्या बाजूला कुठे संपते याला फार महत्त्व आहे. हात पाहणारे ज्यांना मस्तकरेषा आणि हृदयरेषा म्हणतात त्या दोन्ही आडव्या रेषा उघड्या राहिल्या पाहिजेत, आणि अंगठा करंगळीपर्यंत पोचला पाहिजे. प्लास्टर त्या रेषांवर चढले असेल तर बोटे मुळातून वाकूच शकत नाहीत, कितीही मन लावून व्यायाम केला तरी. प्लास्टर घालणाऱ्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तिथेच मूठ वळून पाहावी, आणि अडत असेल तर तिथेच कडा कापून घ्यावी. हे मागण्यात काही उद्धटपणा नाही.

पहिल्या दिवसाची सर्वांत तातडीची गोष्ट मात्र प्लास्टरच्याही आधीची आहे. अंगठ्या आणि बांगड्या ताबडतोब काढायच्या. पाटल्या, गोठ, हिरवा चुडा, सगळे. तासाभरात बोट इतके फुगते की अंगठी पुढे सरकत नाही आणि मागून रक्त अडवते. चुडा उतरवणे अशुभ म्हणून टाळणाऱ्या घरांना एवढेच सांगायचे आहे की दुसरा हात मोकळा आहे, त्यात भरा.

मग हात वर ठेवणे. ‘वर’ म्हणजे गळ्यातल्या झोळीत नव्हे. झोळीत हात पोटापाशी लोंबतो, मनगट हृदयाच्या खाली राहते आणि सूज बोटांत उतरते. वर म्हणजे कोपर हृदयापेक्षा वर आणि हात कोपरापेक्षा वर: बसल्यावर दोन उशांवर, निजल्यावर छातीशेजारी रचलेल्या लोडावर. चालताना काही वेळ झोळी चालेल. दिवसभर झोळीत अडकवलेल्या हाताचा खांदाही धरतो, आणि धरलेला खांदा सोडवायला मनगटापेक्षा जास्त महिने जातात. म्हणून रोज निदान तीन-चार वेळा झोळी काढून हात डोक्यावर न्यायचा, कोपर पूर्ण वाकवायचे आणि सरळ करायचे.

आणि मूठ. जागेपणी दर तासाला, हात वर धरून, सावकाश, पूर्ण मूठ वळायची, पाच मोजेपर्यंत धरायची, मग बोटे पूर्ण उघडून पसरायची. दहा वेळा. स्नायू आवळले की साठलेला द्रव शिरांतून आणि लसिकावाहिन्यांतून वर ढकलला जातो. हाताला स्वतःचा दुसरा पंप नाही. टोके नुसती वळवळवून हे होत नाही. बोटांची टोके तळव्याला टेकली पाहिजेत, किंवा टेकायच्या वाटेवर रोज थोडी पुढे गेली पाहिजेत. याने मोडलेले हाड सरकेल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. नीट बसवलेल्या आणि प्लास्टरने धरलेल्या मनगटात बोटांच्या अशा हालचालीने ते सरकत नाही; उलट याच हालचाली सांगितल्या जातात. जड उचलणे, हातावर भार देऊन उठणे, काही ओढणे एवढे टाळायचे.

हे सगळे आधुनिक आहे असे वाटेल. तसे नाही, आणि काशीत बसून हे लिहिताना ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुश्रुतसंहिता स्वतःला काशिराज दिवोदास धन्वंतरीची शिकवण म्हणवते. तिच्या चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आहे. झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या लावून बांधायचे, पण कसे? फार सैल बांधले तर सांधा स्थिर होत नाही. फार घट्ट बांधले तर सूज येते, दुखते, कातडी पिकते. म्हणून मधला बंध. थंड ऋतूत तो सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सूज बदलते म्हणून बंध बदलायचा, ही समज तिथे आहे. आणि तळहात मोडल्यावर पुढे काय करायचे तेही आहे: आधी मातीच्या गोळ्यासारखे काही मऊ हातात धरायला द्यायचे, आणि हाताला बळ आल्यावर दगड. आज पुनर्वसनाच्या खोलीत आधी मऊ पुट्टी, मग घट्ट पुट्टी, मग स्प्रिंगची पकड असा क्रम असतो. तत्त्व तेच. हाड जुळणे हा उपचाराचा शेवट नाही, हाताला पुन्हा बळ येणे हा शेवट, असे काशीच्या परंपरेतल्या त्या ग्रंथकाराला स्पष्ट दिसत होते.

त्याच परंपरेचे नाव घेऊन आज जी मालीश चालते तिच्याबद्दल मात्र कडक बोलावे लागेल. ताज्या मोडीवर तेल चोळणे, हात ओढून ‘बसवणे’, कामट्या करकचून आवळणे यातले काहीही सुश्रुताच्या ‘मधल्या बंधा’त बसत नाही. करकचून बांधलेल्या हातात रक्त पोचत नाही आणि काही तासांत स्नायू मरतात; १८८१ मध्ये जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी वर्णन केलेला तो पंजासारखा वाकडा हात मग जन्मभर राहतो. प्लास्टर निघाल्यानंतरची मालीश वेगळी. ती हलकी असते, बोटांच्या टोकापासून कोपराकडे, एकाच दिशेने, हात वर धरून. दुसऱ्या कुणी जोर लावून बोटे वाकवणे हा उपचार नव्हे. त्याने आतल्या पेशी फाटतात, नवी सूज येते, आणि दुसऱ्या दिवशी हात आदल्या दिवसापेक्षा ताठ असतो.

आता या पुस्तिकेचा गाभा. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू झाली ती कमलाबाई निंबकरांमुळे. अमेरिकेतल्या क्वेकर कुटुंबातली ही एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथे आली आणि इथलीच झाली. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाला नाव आहे ते त्यांचेच. ऑक्युपेशनल थेरपी सांगते की माणसाला ज्या कामाची ओढ आहे त्या कामातून हात परत येतो. दहा वेळा मूठ वळा म्हटले तर तीन दिवसांनी कंटाळा येतो. वाती वळा म्हटले तर कार्तिकातली मराठी बाई दिवसभर वळते. त्रिपुरी पौर्णिमेची ७५० वातींची त्रिपुरवात प्लास्टर असतानाच करायला घ्यावी, इतके ते काम हलके आहे आणि अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांना इतके नेमके आहे. जपाची माळ मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने मणी ओढणे हेही प्लास्टरमध्ये जमते. हात उशीवर उंच ठेवून केले की सूजही उतरते. वाटाणे सोलणे, तांदूळ निवडणे, फुलांचे देठ खुडणे. घरातली माणसे प्रेमाने हातातले काम काढून घेतात, ‘आई, तुम्ही बसा, आम्ही करतो.’ त्यांना विनंती आहे की एवढी कामे आईंकडेच राहू द्या.

प्लास्टर निघाल्यावर पुढच्या पायऱ्या घाटावरच्याच विधींनी मोजता येतात, आणि मला ते फार नेमके वाटते. आचमनासाठी तळवा पूर्ण उताणा व्हावा लागतो आणि वाटीसारखा खोल. पालथा तळवा उताणा करण्याची ही हालचाल परत यायला वेळ घेते, आणि माणूस नकळत फसवणूक करतो: खांदा वळवून तळवा उताणा झाल्यासारखा दाखवतो. म्हणून घडी केलेला पंचा कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये धरावा. पंचा पडला तर काम खांद्याने केले. अर्घ्याची ओंजळ त्यानंतरची. तिच्यातून पाणी गळत नाही तेव्हा बोटे एकमेकांना चिकटू लागली आहेत. मग नमस्कार. छातीपाशी तळवे जोडून कोपरे हळूहळू उचलायची, तळवे सुटू न देता. मनगट मागे वाकते. फिजिओथेरपीत हाच व्यायाम देतात. नमस्कार दोन्ही हातांचा असल्यामुळे चांगल्या हाताशी तुलना समोरच दिसते. पाण्याने भरलेला तांब्या उचलून सावकाश ओतणे याच्यापुढचे. ओले लुगडे पिळणे सर्वांत शेवटचे, कारण त्यात जोर आणि पीळ दोन्ही एकदम लागतात. हाड पक्के झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिकडे वळू नये. भाद्रपदात ज्यांचा हात मोकळा झालेला असतो त्यांना मोदकाला कळ्या पाडण्याइतका चिमटीचा दुसरा चांगला व्यायाम मी सांगू शकणार नाही.

एक बारीक पण मोलाची गोष्ट इथे घालतो. मनगट वर उचलण्याचा सराव मूठ वळलेली ठेवून करायचा. बोटे सरळ ठेवून मनगट उचलले तर ते काम बोटे सरळ करणारे स्नायू करून टाकतात आणि मनगटाचे स्वतःचे स्नायू तसेच दुबळे राहतात. मग कढईचा कान धरायला मूठ वळली की मनगट खाली पडते आणि बाई म्हणते, पकडच राहिली नाही. पकडीला बोटांइतकेच मनगट लागते.

शेकाबद्दल: व्यायामाआधी कोमट पाणी किंवा गरम पंचा दहा मिनिटे चालतो, सांधे मऊ होतात. पण सुजलेला हात गरम पाण्याच्या बादलीत खाली लोंबता ठेवला तर सूज वाढते. शेक घेतानाही हात वरच. काशीच्या पौष-माघातल्या थंडीत सकाळी हात जास्त ताठ वाटणे स्वाभाविक आहे, त्याने घाबरून जाऊ नये. प्लास्टर ओले होऊ देऊ नये हे सर्वांना ठाऊक असते. ज्यांच्या मनगटात तारा घालून त्यांची टोके कातडीबाहेर ठेवली आहेत त्यांनी मात्र नदीत हात बुडवायचाच नाही, पर्व कितीही मोठे असले तरी. त्या तारेच्या वाटेने जंतू थेट हाडापर्यंत जातात. काठावर बसून चांगल्या हाताने प्रोक्षण करावे.

आता धोक्याच्या खुणा, ज्यांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. प्लास्टरमध्ये वेदना गोळ्यांनी न थांबता वाढत जाणे, दुसऱ्याने बोट जरा सरळ केले तरी किंचाळावेसे वाटणे, बोटे निळी, गार किंवा बधिर होणे: त्याच रात्री रुग्णालयात जाऊन प्लास्टर चिरून घ्यावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत राहिल्या तर मनगटातली नस दबली आहे. काही आठवड्यांनी, सगळे ठीक चाललेले असताना, अंगठ्याचे टोक अचानक वर उचलेनासे झाले तर ते उचलणारी कंडरा तुटली आहे. हे फारशा न सरकलेल्या साध्या मोडीतही होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

यांहून फसवा एक विकार आहे, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. हॅम्बर्गच्या झुडेक यांनी १९०० मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून जुने डॉक्टर त्याला झुडेकचा हात म्हणतात. मोडीच्या मानाने दुखणे फार जास्त, जळजळ, पदराचा स्पर्शही नकोसा, कातडी तुकतुकीत, रंग कधी लाल कधी निळसर, एक हात घामेजलेला आणि दुसरा कोरडा, नखांची आणि लवीची वाढ बदललेली. असा हात माणूस जपून अंगाशी धरतो आणि त्याने तो आणखी बिघडतो. घरच्यांना वाटते की आई फार बाऊ करते. ती बाऊ करत नाही. ही वेदना खरी आहे, आणि लवकर ओळखली तर औषध आणि धीराने दिलेली हालचाल यांनी पुष्कळ सुधारते. क जीवनसत्त्वाने हा विकार टळतो असे १९९९च्या एका डच अभ्यासात दिसले, नंतरच्या अभ्यासांत ते सरसकट टिकले नाही. डॉक्टरांनी दिले तर घ्यावे, त्याच्या भरवशावर व्यायाम सोडू नये.

काळाचा अंदाज आधीच द्यायला हवा, म्हणजे निराशा येत नाही. हालचालीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत परत येतो. बळ सहा महिने ते वर्षभर येत राहते. संध्याकाळची थोडी सूज आणि करंगळीच्या बाजूचे मनगटाचे दुखणे कित्येक महिने रेंगाळते. प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवस मनापासून व्यायाम करूनही मूठ पुढे सरकत नसेल, तर घरी बसू नये. हाताचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावे. रात्री घालायचे स्प्लिंट, सुजेचे घट्ट हातमोजे अशी साधने त्यांच्याकडे असतात. ती हाताला पाहून मापाने करायची असतात, शेजारणीचे आणून घालायची नाहीत.

पुढच्या प्रकरणांत हे सारे आठवड्यांच्या क्रमाने, चित्रांसह दिले आहे. शेवटचे प्रकरण हाडांच्या ठिसूळपणाचे आहे, आणि ते वाचण्यासाठी हात बरा होण्याची वाट पाहू नये. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे ही पन्नाशीपुढच्या बाईला मिळालेली सूचना असते की पुढच्या पडण्यात खुबा किंवा मणका मोडू शकेल. प्लास्टर हातावर असतानाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी, डोळे तपासावेत, रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का ते विचारावे, आणि घाटावर उतरताना तांब्या पिशवीत टाकून एक हात सोबतच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा.